नफा तीन लाखांचा, गल्ल्यात साठ हजार: चोपड्याकडच्या एका कृषी केंद्राचा ताळेबंद

एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरला फायनान्शियल अकाउंटिंग असतं आणि वर्गातली निम्मी पोरं इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी ॲग्री अशी कुठून कुठून आलेली, डेबिट-क्रेडिट हे शब्द त्यांनी फक्त बँकेच्या मेसेजमध्ये वाचलेले. जळगावात मी हाच पेपर शिकवतो. त्यात एक असाइनमेंट असते: ओळखीतला एक खराखुरा धंदा धरायचा, त्याच्या वह्यांवरून वर्षाचं नफा-तोटा पत्रक आणि ३१ मार्चचा ताळेबंद काढायचा, तो मालकाला दाखवायचा आणि मालक काय बोलला तेही लिहून आणायचं. या शेवटच्या अटीला पोरं जाम वैतागतात.

हे प्रकरण बीएस्सी ॲग्री करून आलेल्या एका मुलीचं. तिच्या काकांचं चोपडा तालुक्यात कृषी केंद्र आहे, बियाणं-खत-औषधं. ती त्यांना नाना म्हणते, गिऱ्हाईक जिभाऊ म्हणतं. वर्ष २०२४-२५. आकडे गोल केलेत आणि ओळख पटू नये म्हणून थोडे हलवलेत, पण एकमेकांशी जुळतात, कागद-पेन घेऊन बसलात तर ताळा लागेल.

धंदा कसा चालतो

आधी हंगाम समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मे-जूनमध्ये कपाशीचं बियाणं जातं. बीजी-२ (बीटी कपाशीचं बियाणं) च्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, २०२४ च्या खरिपाला ती ८६४ रुपये होती, म्हणजे तिथे दुकानदाराला भाव करायला वावच नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, त्यातही हमालीच्या वर फार काही सुटत नाही. खरी कमाई फवारणीच्या औषधांवर, ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतांवर आणि टॉनिकवर. आणि हा माल जून ते सप्टेंबर बराचसा उधारीवरच जातो.

वसुली कधी? तर कापूस निघाला की. दसऱ्याच्या आसपास वेचणी सुरू होते, खेडा खरेदीवाला व्यापारी काटा घेऊन दारात येतो, शेतकऱ्याच्या हातात रोकड पडते आणि त्यातून दुकानाची उधारी फिटते, निदान फिटायची. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता आणि तेव्हापासून भाव वाढेल या आशेवर कापूस घरात भरून ठेवायची सवय लागलीय. २०२४-२५ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७१२१ आणि लांब धाग्याला ७५२१, दहा हजार पाहिलेल्या माणसाला हा भाव गोड कसा लागणार. त्यामुळे ३१ मार्च उजाडतो तेव्हा कापूस शेतकऱ्याच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत आणि नानांचे पैसे त्या कापसात. केळीवाल्यांचं तसं नाही, त्यांचा माल कापला की विकावाच लागतो, पण नानांचं गिऱ्हाईक मुख्यतः कपाशीवालं.

नानांनी आजवर ताळेबंद कधी बनवलाच नव्हता. गरजच पडली नाही. आयकराच्या तेव्हाच्या कलम ४४एडी खाली छोट्या धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा युपीआयने आलेल्या भागावर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता यायचं. त्यांच्या सीएने तसंच भरलेलं, नफा साडेसहा लाखांच्या आसपास. हा नफा कोणी मोजलेला नाही, कायद्याने धरलेला आहे, हे पोरांना सांगावं लागतं.

वह्यांची गंमत बघा. स्टॉक रजिस्टरं एकदम टकाटक, कारण गुणनियंत्रण निरीक्षक कधीही येऊन बघू शकतो, खताचा हिशेब तर पॉस मशीनमध्येच असतो. त्यामुळे ३१ मार्चला किती गोण्या, किती बाटल्या होत्या हे सप्टेंबरातसुद्धा सापडलं. उधारीची वही मात्र लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि त्यात नावं अशी: ‘नाल्यावरला पाटील’, ‘मास्तरना पोऱ्या’, ‘बुलेटवाला’. एका पानावर नुसतं ‘अळीचं औषध २, मागून लिहू’. रक्कम नाही, तारीख नाही. नानांना मात्र सगळं तोंडपाठ, त्यांना विचारत विचारत तिने पूर्ण खतावणी, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं खातं, नव्याने मांडली आणि माझ्या मते असाइनमेंटमधलं अर्धं शिक्षण तिथेच झालं.

एकाच दुकानाचे तीन नफे

पहिल्या खेपेला ती जे घेऊन आली ते सरळ गल्ल्याचं गणित होतं. वर्षात आले किती: नगद विक्री ३० लाख, उधारीची वसुली ४७ लाख, बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट, ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) ४ लाख जास्तीचे उचलले, एकूण ८१. गेले किती: कंपन्यांना आणि डिस्ट्रिब्युटरना ७१ लाख, भाडं-पगार-हमाली-वीज-व्याज मिळून ५.१, जुना छोटा हत्ती (मालवाहू टेम्पो) घेतला त्याचे २.५, नानांनी घरात नेले ४.२. एकूण ८२.८. म्हणजे तोटा १.८ लाख.

यात वर्गातली सगळी नेहमीची दुखणी एकत्र आहेत. कर्ज उत्पन्नात धरलं, पाच वर्षं चालणारी गाडी एका वर्षाच्या खर्चात टाकली, मालकाने घरी नेलेला पैसा दुकानाचा खर्च समजला आणि जी विक्री झाली पण पैसे आले नाहीत ती विक्रीच धरली नाही. तिने काढला तो तोटा नव्हताच, रोकड किती घटली तो आकडा होता. २.४ लाखांवरून ०.६ वर. आकडा बरोबर, त्यावर लावलेली पाटी चुकीची.

दुसऱ्या खेपेला तिने पुस्तकातला नमुना लावला. विक्री ८४ लाख (नगद ३०, उधार ५४), आधी बिलांच्या टोटल उचलल्या होत्या त्या जीएसटी काढून दुरुस्त केल्या, कारण खतावरचे ५ टक्के आणि कीटकनाशकावरचे १८ टक्के हे सरकारचे, नानांचे नाहीत. बियाण्यावर जीएसटी नाहीच. सुरुवातीचा स्टॉक ९, खरेदी ७७, शेवटचा स्टॉक १३, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ७३ आणि ढोबळ नफा ११. त्यातून दिलेला खर्च ५.१ वजा, नफा ५.९ लाख.

इथे बरीच पोरं थांबतात, मीही कधी कधी इथपर्यंत आलेल्याला पास करतो. परीक्षेच्या गणितात खाली ‘समायोजना’ म्हणून पाच-सहा ओळी छापलेल्या असतात, पगार देणे बाकी इतका, घसारा (वापराने होणारी वस्तूची झीज) इतके टक्के, बुडीत कर्जाची तरतूद (येणं बुडेल म्हणून नफ्यातून आधीच कापलेली रक्कम) इतकी, पोरगं एकेक टिक करत जातं आणि प्रत्येक आकडा दोन ठिकाणी टाकतं की झालं. दुकानात त्या ओळी कोणी छापून देत नाही. त्या शोधाव्या लागतात, मालकाला खोदून खोदून विचारून, आणि शोधल्यावर आकडा किती धरायचा यावर भांडण होतं. म्हणून मी तिला परत पाठवलं, एवढंच सांगून की ३१ मार्चच्या रात्री दुकानात उभी आहेस असं समज आणि काय काय अर्धवट राहिलंय ते बघ.

भाडं महिना १० हजार, पण मालकाला पैशांची नड होती म्हणून नानांनी १४ महिन्यांचं देऊन टाकलेलं. २० हजार पुढच्या वर्षाचे. दोन पोरांचा मार्चचा पगार, २० हजार, एप्रिलात दिलेला. हे दोन्ही सोपे आणि योगायोगाने एकमेकांना कापतात, नफा तिथल्या तिथे. (पण ताळेबंदात दोघं वेगवेगळ्या बाजूला बसतात, ‘सर नेट शून्यच आहे ना मग लिहायचं कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी.)

घसारा: छोटा हत्ती २.५ लाखांना घेतला, पाच वर्षं चालवून ५० हजाराला जाईल असं धरून वर्षाला ४० हजार. रॅक, काउंटर, कॉम्प्युटरवर २० हजार. एकूण ६० हजार.

स्टॉकमध्ये खरी मेख होती. रजिस्टरमध्ये १३ लाखांचा माल, पण मागच्या रॅकवर मुदत संपत आलेली औषधं, खरेदीच्या भावाने ६० हजारांची, कंपनी परत घेत नाही आणि मुदत गेल्यावर विकताही येत नाही. नियम असा की माल खरेदीची किंमत किंवा विकून हाती येईल ती रक्कम, यातली जी कमी त्या भावाने धरायचा. हाती येणार शून्य. स्टॉक १२.४ झाला. तिचं ॲग्रीचं शिक्षण इथे कामाला आलं, बाटलीवरची बॅच आणि तारीख वाचायची तिला सवय होती, कॉमर्सच्या पोराने रजिस्टरचा आकडा डोळे मिटून घेतला असता.

आणि शेवटी उधारी. सुरुवातीला येणं १४ लाख, वर्षात उधार विक्री ५४, वसुली ४७, म्हणजे ३१ मार्चला येणं २१ लाख. तिने प्रत्येक खात्याला वय लावलं, म्हणजे उधारी किती जुनी ते. बहुतेक रक्कम चालू हंगामाची, ती एप्रिल ते ऑगस्टमध्ये कापूस विकला तशी बरीचशी आलीही, आणि असाइनमेंट सप्टेंबरात चालली असल्यामुळे ते तिला डोळ्यांनी दिसत होतं. पण ३ लाख असे होते जे दोन वर्षांहून जुने, पाच महिन्यांत त्यातले जेमतेम वीस हजार आले. एकजण गाव सोडून सुरतला गेलेला, एकाच्या वाटण्या होऊन शेत भावाकडे गेलेलं. तिने अर्धे, म्हणजे दीड लाख, संशयित धरून तरतूद केली.

५.९ मधून स्टॉकचे ०.६, घसाऱ्याचे ०.६ आणि तरतुदीचे १.५ गेले. नफा ३.२ लाख. गल्ल्याच्या गणिताने उणे १.८, पुस्तकी नमुन्याने ५.९, सगळं शोधल्यावर ३.२, आणि आयकराकडे साडेसहा. दुकान एकच.

ताळेबंद असा बसला. मालमत्ता: स्टॉक १२.४, येणं तरतूद वजा जाता १९.५, आगाऊ भाडं ०.२, दुकानाची अनामत १, फर्निचर-कॉम्प्युटर १.८, गाडी २.१, रोख-बँक ०.६, एकूण ३७.६ लाख. समोर देणं: डिस्ट्रिब्युटर १४, सीसी ९, पगार बाकी ०.२, आणि नानांचं भांडवल १४.४. एकूण ३७.६. जुळलं तेव्हा तिने वर्गाच्या ग्रुपवर नुसता फोटो टाकला, खाली काही लिहिलं नाही.

नाना काय म्हणाले

आता अटीप्रमाणे मालकाला दाखवायचं. नानांनी पान हातात घेतलं, ३.२ वर बोट ठेवलं आणि अहिराणीत विचारलं, “नफा शे म्हनस, मंग पैसा कोठे शे माय?” म्हणजे, नफा आहे म्हणतेस, मग पैसा कुठे आहे?

हा प्रश्न प्रत्येक दुकानदार विचारतो आणि नफा-तोटा पत्रकात त्याचं उत्तर नसतं. म्हणून रोख प्रवाह पत्रक, जे आमच्याकडे सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईत उरकलं जातं, ते मी तिला तेव्हाच करायला लावलं. नफा ३.२. त्यात घसारा आणि तरतूद परत मिळवा, कारण त्यात रोकड कुठे गेली नाही, झाले ५.३. स्टॉक ३.४ ने वाढला, तेवढे पैसे रॅकवर. उधारी ७ लाखांनी वाढली, तेवढे कापसात. आगाऊ भाड्यात ०.२ अडकले. दुसरीकडे डिस्ट्रिब्युटरचं देणं ८ वरून १४ वर गेलं, म्हणजे त्यांच्या ६ लाखांवर धंदा चालला, आणि पगाराचे ०.२ द्यायचे राहिले. सगळं मिळून धंद्यातून वर्षभरात प्रत्यक्ष रोकड सुटली ९० हजार. आणि खर्च केला? गाडी २.५, घर ४.२. एकूण ६.७. फरक भरला बँकेच्या ४ लाखांनी आणि गल्ल्यातल्या १.८ ने.

नाना बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते, मग म्हणाले, गाडी मोठी चूक झाली काय. गाडीचं सोडा, ती चालेल पाच वर्षं. माझ्या दृष्टीने अख्ख्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा भांडवलाचा आहे. वर्षाच्या सुरुवातीला १५.४, शेवटी १४.४. कमावले ३.२ आणि घरी नेले ४.२, महिन्याचे २५ हजार घरखर्चाला आणि पोराच्या पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या फीचे १.२ लाख. फी भरली डिस्ट्रिब्युटरला द्यायच्या पैशांतून, म्हणजे एका अर्थी औषध कंपनीने त्या पोराला शिकवलं. वर्गात व्यवसाय आणि मालक वेगळे ही कल्पना सांगताना पोरांना ते फक्त तत्त्वज्ञान वाटतं, अरे दुकानही नानांचं आणि घरही नानांचं मग वेगळं काय. वेगळं हे, की दुकानाने त्यांना किती दिलं आणि त्यांनी किती घेतलं हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. एका वहीत कालवले की कधीच दिसत नाहीत.

ड्रॉइंग्जवर, म्हणजे घरी नेलेल्या पैशांवर, नाना वाद घालत बसले नाहीत. वाद झाला तो तरतुदीवर. “तो सुरतवाला येईल दिवाळीला, देईल,” हे त्यांचं म्हणणं, आणि दीड लाख नफ्यातून कापणं म्हणजे आपणच आपले पैसे सोडून देणं. तिने परोपरीने सांगितलं की वहीतून नाव काढत नाहीये, वसुली चालूच ठेवा, आले तर पुढच्या वर्षी नफा वाढेल. पटलं नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर नानांच्या बाजूनेही एक मुद्दा होता जो तिच्या लक्षात आला नाही आणि वर्गात दुसऱ्याच एका मुलाने काढला: ही उधारी दोन वर्षं जुनी आहे तर तिचा सगळा भार एकट्या २०२४-२५ वर का? आधीच्या वर्षांनी तरतूद केलीच नव्हती, म्हणून हे वर्ष आहे त्याहून वाईट दिसतंय. खरं आहे. पण आधीच्या वर्षांचे ताळेबंदच नाहीत तर दुरुस्त काय करणार, त्यामुळे ती तशीच ठेवून खाली टीप लिहायची यावर वर्गाचं जमलं. दुसरा मुद्दा नगद आणि उधारीच्या वेगवेगळ्या भावाचा निघाला: जी बाटली नगद ९०० ला ती उधार १००० ला, मग हे वरचे १०० विक्री की व्याज? एवढ्या छोट्या दुकानात ते विक्रीतच राहू द्यावेत असं माझं मत, फक्त मनात नोंद ठेवावी की ढोबळ नफ्याच्या ११ लाखांत थोडं सावकारीचं उत्पन्न मिसळलेलं आहे.

मग नोव्हेंबरात बँकेचं निघालं. नानांना सीसीची मर्यादा वाढवून हवी होती आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातात बँकेला दाखवण्यासारखा कागद होता. त्यांनी पुतणीला फोन केला, “पोरी, तेवढं ते दीड लाखाचं काढून नवीन प्रिंट दे.” ती माझ्याकडे आली. मी सांगितलं, निर्णय तुझा, पण खाली तयार करणाऱ्याचं म्हणून तुझं नाव आहे, आणि अशा कागदाच्या भरवशावर पैसे देणारा माणूस नाना नव्हे, समोरचा मॅनेजर असतो. तिने काढलं नाही. त्याऐवजी खात्यांचं वयाप्रमाणे वर्गीकरण, तीन महिन्यांच्या आतलं किती, वर्षाच्या आतलं किती, त्याच्या पलीकडचं किती, असा एक पानाचा तक्ता जोडून दिला. नाना दोन दिवस बोलले नाहीत. बँकेत गेल्यावर मॅनेजरने नफ्याकडे नीट बघितलंही नाही, उधारी किती दिवसांची आहे हेच आधी विचारलं, कारण कर्जाची उचल किती मंजूर करायची हे ठरवताना तीन महिन्यांपेक्षा जुनी उधारी बँका सहसा धरतच नाहीत. तो तक्ता तिथे कामाला आला. मर्यादा मात्र वाढली नाही, डिस्ट्रिब्युटरचं १४ लाखांचं देणं आधी खाली आणा म्हणाले.

त्यानंतर दुकानात झालेले बदल दोनच. उधारीच्या वहीत तारीख आणि मोबाईल नंबर यायला लागला, आणि घरखर्चाला दुसरं बँक खातं झालं ज्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम जाते. तरतूद नाना अजून मानत नाहीत.

असाइनमेंटला २० पैकी १८ दिले. दोन कापले ते छोट्या हत्तीवर. गाडी आधीच सात-आठ वर्षं वापरलेली, शेतरस्त्यांवर खताच्या गोण्या वाहणारी, तिला अजून पाच वर्षं आणि शेवटी ५० हजार किंमत हे कशावरून धरलं ते तिने कुठेच लिहिलं नव्हतं. तीन वर्षं धरली असती तर नफा आणखी २५-३० हजारांनी खाली गेला असता. तिने येऊन वाद घातला की गॅरेजवाल्याला विचारलं होतं. मग ते लिहायचं ना.